वीस मिनिटांनंतर

"ब्रेक मारला की गाडी उजवीकडे जाते. पण लगेच नाही. वीसेक मिनिटं चालली की मग जाते."

एवढं सांगून काकांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर निळ्या शाईत तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेसमोर एक आकडा. "घरून निघाल्यापासून किती मिनिटांनी झालं ते लिहिलंय. एकोणीस, तेवीस, बावीस. या दोन दिवशी झालंच नाही. त्या दिवशी मी बाजारापर्यंतच गेलो होतो."

मेकॅनिकने कागद हातात घेतला, वाचल्यासारखं केलं आणि परत दिला. "थांबा जरा काका. बघतो."

त्या रस्त्यावर सगळे त्याला कानसेन म्हणत. हे नाव स्पेअर पार्टवाल्याने ठेवलं होतं. गाडी दारात येऊन थांबेपर्यंत हा नुसता कान देऊन सांगायचा, बेअरिंग गेलंय की सायलेन्सरची पट्टी सुटली आहे. फरशीच्या गोदामामागे त्याचं दोन गाड्यांपुरतं गॅरेज होतं आणि गेली अठ्ठावीस वर्षं तो तिथे एकटाच काम करत होता. दोष कळल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही, हा त्याचा नियम. ज्यांना घाई असायची ते दुसरीकडे जायचे. उरलेले त्याला सोडून कुठेच जात नसत.

पंपवाले काका या उरलेल्यांपैकी. पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनवर चौतीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले होते, त्यालाही आता सोळा वर्षं होत आली होती. गाडी जुनी होती, पण आरशासारखी ठेवलेली.

ते येणार हे कानसेनला आधीच माहीत होतं. सकाळी त्यांच्या मुलाचा फोन येऊन गेला होता. मुलगा एका मोठ्या ऑफिसात होता आणि त्या ऑफिसच्या पाच गाड्या कानसेनकडेच येत. "बाबा येतील," तो म्हणाला होता, "गाडी ओढते म्हणून. गेले महिनाभर तेच चाललंय. दादा, खरं सांगू का, गाडीला काही झालेलं नाही. त्यांना आता झेपत नाही, आणि ते कबूल करायचं नाही. तुम्ही बघा, पण नवीन काही डोक्यात भरवू नका."

कानसेनने पाहिलं. चाकांमधली हवा मोजली, गाडी जॅकवर घेऊन पुढची दोन्ही चाकं हलवली, पॅड पाहिले. मग एक चक्कर मारली. गोदामापासून सिग्नलपर्यंत आणि परत, सात मिनिटं. चार वेळा ब्रेक मारला, दोनदा तर स्टिअरिंगवरचे हात सोडून. गाडी सुतासारखी सरळ थांबली.

"गाडीत काही नाही, काका. ब्रेक जरा हळू दाबत जा. आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरत जा."

काकांनी कागदाची घडी पुन्हा घातली. "दोन्ही हातांनीच धरतो," ते म्हणाले आणि गाडी घेऊन गेले.

नऊ दिवसांनी ती गाडी दोरीने ओढत परत आणली. उजवा दिवा फुटलेला, बंपर एका बाजूने लोंबत होता. काका काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाले होते. मोठ्या रस्त्यावर एक सायकलवाला मध्ये आला. काकांनी ब्रेक मारला आणि गाडी उजवीकडे जाऊन दुभाजकाच्या कठड्यावर आदळली. सायकलवाला मागे न बघता निघून गेला. काकांना खरचटलंही नाही. काकूंनी घाबरून समोर हात टेकला होता, त्यांचं मनगट मोडलं.

हे सगळं मुलाने फोनवर सांगितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "चावी मी काढून घेतली. बाबांनी मुकाट्याने दिली. तुम्ही दिवा, बंपर लावून द्या. गिऱ्हाईक बघून ठेवलंय. एक बाई आहेत, शाळेत शिकवतात. त्यांना पोरांची ने-आण करायला हवी आहे."

"ठीक आहे," कानसेन म्हणाला. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि यांची तर शहात्तरी होती. त्याला काकूंचं वाईट वाटलं. त्यापलीकडे त्या वेळी काही वाटलं नाही.

दिवा लगेच मिळाला. बंपरचा रंग मात्र जुळेना. रंगवाला गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. कानसेन स्वतःच भल्या सकाळी, रस्ता मोकळा असताना, गाडी घेऊन त्याच्याकडे गेला, रंग मारून घेतला आणि तो वाळल्यावर परत निघाला. उन्हाची वेळ होती. निम्म्याहून जास्त रस्ता झाला असेल, तेव्हा रेल्वेचं फाटक पडलं आणि पुढचा टेम्पो थांबला. कानसेनने ब्रेक दाबला.

गाडी उजवीकडे गेली.

फार नाही, हातभर. त्याने स्टिअरिंग आवळून धरलं म्हणून तेवढ्यावर निभावलं. फाटक उघडलं, मागच्यांनी हॉर्न वाजवले. मग फाटक ओलांडून त्याने गाडी कडेला घेतली आणि खाली उतरला. उजव्या पुढच्या चाकाजवळ हात नेला तर धग लागली. डाव्या चाकाजवळ नेला, ते जेमतेम कोमट होतं.

गाडी ज्या बाजूला ओढते, त्या बाजूचा ब्रेक धड असतो आणि दुसऱ्या बाजूचा काम करत नसतो, हे त्याने आजवर कित्येक गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं होतं.

गॅरेजपर्यंत त्याने हँडब्रेकला हात लावून गाडी रांगत आणली. गाडी गार होऊ न देता जॅकवर चढवली आणि शेजारच्या टायरवाल्याला हाक मारून पेडलवर बसवलं. उजव्या चाकाच्या ब्रेकचा नट सैल केला आणि म्हणाला, "दाब." तेल चिळकांडी मारून बाहेर आलं. डाव्याचा सैल केला. "दाब." काहीच नाही. "दाब जोरात." एक थेंब आला, तोही विचार करून आल्यासारखा.

"पाईप गेला तुझा," टायरवाला आतून म्हणाला.

"माझा नाही, काकांचा," कानसेन म्हणाला.

चाकाकडे तेल नेणारा रबरी पाईप बाहेरून नव्यासारखा दिसत होता. कुठे भेग नाही, ओल नाही. आतल्या बाजूने त्याचं अस्तर सुटलं होतं. गार असताना ते आपल्या जागी चिकटून राहायचं आणि तेल जायचं. गाडी चालून तापली, रबर नरम पडलं की अस्तराचा पापुद्रा आडवा यायचा. त्याला लागायची वीस मिनिटं. अर्ध्या तासाने पाईप गार झाला आणि टायरवाल्याने पुन्हा पेडल दाबलं, तेव्हा डावीकडूनही तेल भरभरून आलं.

"लबाड आहे," टायरवाला म्हणाला. "कोणाला सापडला नसता."

"सांगितलं होतं मला," कानसेन म्हणाला. "मिनिटांसकट."

त्याने मुलाला फोन लावला. मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं झालं सापडलं ते. त्या बाईंना गाडी द्यायच्या आत नीट करून टाका."

"ते करतोच. पण काकांना सांगायला हवं."

"कशाला?"

"चूक त्यांची नव्हती."

"दादा, आईला आता कुठे झोप लागायला लागली आहे. तुम्ही जाऊन हे सांगितलंत की उद्या ते चावी मागतील. आज पाईप होता, मान्य. उद्या डोळे असतील. त्या दिवशी समोर सायकलऐवजी शाळेचं पोर असतं तर? झालं ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं." मग जरा थांबून त्याने विचारलं, "आमच्या ऑफिसच्या गाड्या येतायत ना वेळेवर?"

"येतायत."

"मग झालं तर."

दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा बायको मशीनवर पडदे शिवत बसली होती. तिने ताट वाढलं आणि दोरा कातरता कातरता त्याचं बोलणं ऐकून घेतलं. त्याने सगळं सांगितलं, फक्त मुलाच्या पहिल्या फोनचा विषय गाळला. तो गाळलाय हे तिला कळलं असावं, कारण तिने मशीन थांबवलं.

"तुम्ही तेव्हा किती वेळ चालवून बघितली होती?"

"सात मिनिटं."

"आणि ते किती म्हणत होते?"

तो जेवत राहिला.

"गाडी कोणाच्या नावावर आहे?" तिने विचारलं.

"काकांच्या."

"मग मुलाला कशाला विचारत बसलात?" ती म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

पाईप न बदलताच त्याने दोन्ही ब्रेकचे नट पुन्हा आवळले आणि तेल भरलं. नुसतं सांगितलं तर ते समजूत घातल्यासारखं वाटेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्त्यावर रहदारी वाढायच्या आत, तो सावकाश गाडी घेऊन काकांच्या घराखाली गेला. काका पहिल्या मजल्यावर राहत. दार काकूंनी उघडलं. त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि दाराची कडी त्यांनी डाव्या हाताने काढली होती.

"हे आत आहेत," त्या म्हणाल्या आणि आवाज बारीक केला. "हल्ली दार उघडायला उठत नाहीत."

काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. काकूंनी चहा आणला. अर्धाच भरलेला कप काकांनी दोन्ही हातांत धरला, लहान मूल धरतं तसा, आणि खूप लक्ष देऊन तोंडापर्यंत नेला. कानसेनने नजर दुसरीकडे वळवली.

"दुखापत झाली का हाताला?" त्याने विचारलं.

"कुठली दुखापत," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनी दोनदा तपासलं. काही नाही म्हणतात. पण यांनी मनात घेतलंय."

"हातच वळला असणार," काका म्हणाले. "मला कळलं नाही, पण वळला असणार. तुम्ही म्हणालाच होता, दोन्ही हातांनी धरा म्हणून."

कानसेनने कप खाली ठेवला. "काका, माझ्याबरोबर खाली चला. गाडी आणली आहे. मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा."

"कशाला आता?"

"अर्धा तास द्या मला."

जिना उतरताना काकांचा हात भिंतीवरून सरकत होता. पायरी पायरीला ते थांबत. कानसेन पुढे होता, पण त्याने हात दिला नाही. कोणी हात दिलेला त्यांना आवडणार नाही, एवढं त्याला समजत होतं.

बंद पडलेल्या गोदामांच्या मागे एक रुंद, ओसाड रस्ता होता. ड्रायव्हिंग शिकवणारे तिथे संध्याकाळी यायचे, सकाळी कुत्रंही नसे. तिथे पोचून कानसेन नुसता फेऱ्या मारत राहिला. ब्रेक अधूनमधून हलका दाबत होता. गाडी सरळ थांबत होती. काका मांडीवर हात ठेवून समोर बघत बसले होते. एकदा काकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग कानसेनकडे. तेव्हा त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं, कारण ते सावरून बसले आणि त्यांनी सीटचा पट्टा चाचपून पाहिला.

"आता मारतो," कानसेन म्हणाला. "हात बघा माझे."

वेग बेताचाच होता. त्याने ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे गेली, मधला पांढरा पट्टा ओलांडून.

इंजिन चालू होतं. काका रस्त्यावरच्या पट्ट्याकडे बघत होते.

"पुन्हा," ते म्हणाले.

कानसेनने गाडी मागे घेतली आणि पुन्हा तसंच केलं. गाडी पुन्हा उजवीकडे गेली.

"परत एकदा."

तिसऱ्या वेळेनंतर काकांनी चष्मा काढला, पुसला आणि लावला. "काय आहे?"

"डाव्या चाकाचा पाईप. आतलं अस्तर सुटलंय. तापलं की आडवं येतं."

"म्हणजे आतल्या आत व्हॉल्व्ह तयार झाला." काकांचा आवाज एकदम कामावरचा झाला. "आमच्याकडे एकदा असंच झालं होतं, सहा इंची लाइनला. बाहेरून काही नाही. पाणी कुठे अडतंय, आठ दिवस कळेना. शेवटी पाईप कापला, तर आत रबराची जीभ." ते बोलता बोलता थांबले. "तुम्हाला कधी सापडलं?"

"काल. रंगवाल्याकडून येताना."

"मी तुम्हाला लिहून दिलं होतं."

"हो. मी वाचलं नाही."

काका खिडकीबाहेर बघायला लागले. बंद गोदामाचा पत्रा उन्हात चमकत होता.

"मुलाने फोन केला होता ना तुम्हाला? मी यायच्या आधी?"

कानसेनला ताकास तूर लागू न देता वेळ मारून नेता आली असती. "केला होता," तो म्हणाला.

"काळजीपोटी केला असेल त्याने."

"हो."

"आणि तुम्ही?"

कानसेनने इंजिन बंद केलं. "मला ते खरंच वाटलं," तो म्हणाला. "तुमचं वय दिसत होतं ना समोर. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर मी वीस मिनिटं फिरवली असती, असं नाही सांगत. पण तरण्या माणसाने कागद दिला असता तर वाचला असता. काकूंचा हात माझ्यामुळे मोडला."

"सायकलवाल्यामुळे मोडला," काका म्हणाले. "थोडा तुमच्यामुळे." त्यांनी हिशेब अचूक ठेवला. मग म्हणाले, "चला, घरी चला. तिला हे तुमच्या तोंडून कळू दे. मी सांगितलं तर तिला वाटेल, सारवासारव करतोय."

परतीचा रस्ता कानसेनने दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर काढला. काकू गाडी बघायलाही खाली यायला तयार नव्हत्या. म्हणून त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहूनच सांगितलं. आधी गाडीला काय झालं होतं ते. मग ते ओळखायला आपण कुठे चुकलो ते. सरकारी साहेबापुढे जबानी द्यावी तसं, एकही शब्द न गाळता. काकू ओट्याला टेकून ऐकत होत्या.

"मी रोज म्हणत होते यांना," त्या म्हणाल्या. "रोज. तुमचा हात चळला, आता पुरे, म्हणून. दवाखान्यात सगळ्यांसमोरही मी म्हणाले." त्यांनी काकांकडे पाहिलं नाही. "तुम्ही तरी ऐकून का घेतलंत?"

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं," काका म्हणाले.

काकूंनी डाव्या हाताने पदर सारखा केला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

कानसेन निघताना दारापर्यंत काका आले. "दोन्ही बाजूंचे पाईप बदलतो," तो म्हणाला. "गाडी एकदम ठणठणीत होईल. मग विकायची की नाही, तुमचं तुम्ही ठरवा."

"विकायचीच," काका म्हणाले. "मुलाचं सगळंच चूक नाही. डोळे आज आहेत, उद्या नाहीत. पण गाडी मी विकणार. त्या बाईंना मी स्वतः नेऊन देईन. आणि मुलाशी मीच बोलेन. तुम्ही मध्ये पडू नका, आपलेच दात नि आपलेच ओठ."

ते काय बोलले, कानसेनला कधी कळलं नाही. पुढच्या महिन्यात ऑफिसच्या पाचपैकी तीन गाड्या आल्या, त्यानंतर एकही आली नाही. त्याने कोणाला विचारलं नाही. टायरवाल्याने विचारलं तेव्हा, जागा मोकळी झाली बघ, एवढंच म्हणाला.

गाडी द्यायच्या दिवशी काका बसने आले, एकटे. कानसेनने कापलेला पाईप ठेवला होता, तो त्यांनी उन्हात धरून आत पाहिला, बोटाने पापुद्रा उचलून बघितला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग गाडीभोवती एक फेरी मारली आणि स्टिअरिंगवर बसले. शिक्षिकाबाईंचं घर अर्ध्या तासावर होतं. काकांना परत आणायचं म्हणून कानसेन स्कूटरवरून मागे निघाला.

मागून त्याला फक्त काकांचं डोकं दिसत होतं आणि गाडीचे लाल दिवे. प्रत्येक सिग्नलला दिवे लागत आणि गाडी आपल्या पट्ट्यात, रेषेत थांबत होती. मोठ्या रस्त्यावर दुभाजकाचा कठडा आला, त्यावर अजून पांढरा ओरखडा होता. काकांनी तिथे वेग कमी केला नाही आणि वाढवलाही नाही.

बाई फाटकातच उभ्या होत्या. काकांनी त्यांना सगळं दाखवलं: मागचा डावा दरवाजा जरा उचलून लावावा लागतो, थंडीत चोक किती ओढायचा, वायपर कुठे अडतो. पाईपाची हकिगतही सांगितली, आणि म्हणाले, "गाडी काही बोलली तर लिहून ठेवत जा. आणि यांच्याकडे न्या." कानसेन तेव्हा हातातल्या किल्ल्यांशी चाळा करत होता.

चावी देऊन झाल्यावर काका पुन्हा गाडीशी गेले. ड्रायव्हरच्या सीटवर कंबरेमागे ठेवायची एक छोटी, कडा विरलेली उशी होती. ती त्यांनी काढून घेतली. "आमच्या हिची आहे," ते बाईंना म्हणाले, "हिने शिवलेली."

स्कूटरवर मागे बसताना त्यांना जरा वेळ लागला. उशी त्यांनी दोघांच्या मध्ये, मांडीवर धरली. दुसरा हात आधी सीटच्या कडीवर ठेवला, मग उचलून कानसेनच्या खांद्यावर ठेवला.

"बसलात नीट?"

"बसलो. चला."

गल्लीच्या तोंडाशी वळण होतं. कानसेनने बऱ्याच आधीपासून वेग कमी करायला सुरुवात केली.